धुक्यात वाजलेली घंटा

बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत एक दुमजली घर होतं. खालच्या दोन खोल्यांत धाकटी जाऊ राहायची, वरच्या दोन खोल्यांत थोरली. मधे लाकडी जिना. त्या जिन्यावर वीसेक वर्षं भांडण चाललं होतं. सकाळी थोरली पाण्याची बादली घेऊन वर निघाली की धाकटीच्या दारासमोर थोडं पाणी सांडायचंच. धाकटी आतून म्हणायची, हात थरथरत असतील तर माणसानं अर्धी बादली न्यावी. थोरली पायरीवर थांबून म्हणायची, माझे हात नाही थरथरत, ज्यांचे चालायला हवे होते त्यांचेच चालले नाहीत. एवढं झालं की मग गल्लीतल्या बायका आपापल्या खिडक्या थोड्या उघडून ठेवायच्या. नवीन काही ऐकायला मिळायचं नाही, पण सवय झाली होती.

धाकटी पडदे शिवायची. बंदरावरच्या हॉटेलांचे, दवाखान्याचे, शाळेच्या रंगमंचाचे, झाडून सगळे पडदे तिच्या मशीनखालून गेलेले होते. लोक तिला पडदेवालीच म्हणत. ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय लागल्यामुळे तिचे शब्द दातांतून यायचे आणि तिनं नुसतं 'बसा' म्हटलं तरी समोरच्याला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. स्वभावानं ती वाईट नव्हती. पण नवऱ्यावर कुणी बोट दाखवलं की तिचं डोकं फिरायचं, आणि तिच्या नवऱ्यावर तर सगळं गाव बोट दाखवत होतं.

नवरा एका जुन्या प्रवासी आगबोटीवर टेहळ्या होता. बोटीच्या पुढच्या टोकाला उभं राहायचं, समोर नजर ठेवायची, काही दिसलं की घंटा वाजवून वर कळवायचं, हे त्याचं काम. घंटा पितळेची होती, वजनदार, तिच्यावर बोटीचं नाव कोरलेलं. ती घासायचं कामही त्याच्याकडेच होतं आणि तो ती इतकी घासायचा की बायको थट्टेनं म्हणायची, घरातल्या एका तरी भांड्याला असा हात लावा. थोरला भाऊ लवकर वारला, तेव्हा वहिनीचा आणि तिच्या एकुलत्या एका मुलाचा भार यानंच उचलला. पुतण्या हाताशी आल्यावर साहेबाच्या हातापाया पडून त्याला बोटीवर चिकटवूनही यानंच दिलं. खाली, बॉयलरपाशी, कोळसा ओढायला. त्या दिवशी थोरलीनं सगळ्या गल्लीला गोड वाटलं होतं.

मग ते धुकं आलं. बोट बंदराच्या तोंडाशी आली होती, पण पुढचं काही दिसेना, म्हणून कॅप्टननं बाहेरच नांगर टाकला. नांगरलेल्या बोटीनं धुकं असेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं घंटा वाजवत राहायची, म्हणजे येणाऱ्या बोटींना कळतं की इथे कुणीतरी उभं आहे. हा नियम बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. रात्र गेली. सकाळी एक मालवाहू बोट धुक्यातून सरळ येऊन हिच्या कुशीत घुसली. किनारा इतका जवळ होता की लोकांना किंकाळ्या ऐकू आल्या, पण कुठे जायचं ते दिसत नव्हतं. वरच्या मजल्यावरचे बरेच जण वाचले. बॉयलरपाशी होते त्यांच्यातला एकच वर आला, तो सुद्धा जरा हवा खायला म्हणून आधीच शिडी चढला होता म्हणून. पुतण्या वर आला नाही.

चौकशी झाली. मालवाहू बोटीच्या माणसांनी सांगितलं, आम्हाला घंटा ऐकू आली नाही. कॅप्टननं सांगितलं, घंटा वाजवायचा माझा हुकूम होता, पुढचं टेहळ्यानं सांगावं. टेहळ्यानं सांगितलं, मी वाजवत होतो. त्याच्या बाजूनं बोलायला कुणी उभं राहिलं नाही. टेहळ्याच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला, असा निकाल लागला. त्याचं काम गेलं, पुन्हा कुठल्याही बोटीवर पाय ठेवायची सोय राहिली नाही. कॅप्टन मात्र शेवटपर्यंत डेकवर उभा राहिला म्हणून त्याचा सत्कार झाला.

घरी आल्यावर नवऱ्यानं पडदेवालीला एकदाच सांगितलं, "मी वाजवत होतो. धुक्यानं आवाज खाल्ला." तिनं ते धरलं, आणि मग कधी सोडलं नाही.

लोक त्याला मुका म्हणायला लागले. ज्याची घंटा बोलली नाही तो मुका. तो एका लाकडाच्या वखारीत राखणदार म्हणून लागला आणि खरोखरच कमी बोलायला लागला. बोलायचं काम बायकोनं अंगावर घेतलं. दुकानात कुणी कुजबुजलं की ती टाचण्या हातात काढून घेऊन विचारायची, काय म्हणालात ते मोठ्यानं म्हणा. दोन हॉटेलांचं काम तिनं याच पायी घालवलं. मुलाला शाळेत मुक्याचा पोरगा म्हणत, तेव्हा ती शाळेत जाऊन मास्तरांच्या टेबलावर हात आपटून आली. त्यानं काम सोपं होण्याऐवजी अवघडच झालं, आणि मुलगा जरा मोठा होताच लांबच्या शहरात निघून गेला. तिथे लिफ्ट दुरुस्त करायचं काम शिकला, तिथेच लग्न केलं. बायको-मुलीचे फोटो पाठवायचा, येतो कधी ते सांगायचा नाही. बाप फोनवर आला की बोलणं हवापाण्यावर येऊन संपायचं.

आणि वर थोरली होतीच. इतरांना उत्तर देणं सोपं होतं. थोरलीला दिलेलं प्रत्येक उत्तर जिना उतरून परत घरातच यायचं. तिचा मुलगा गेला होता, हे पडदेवालीला कळत नव्हतं असं नाही. त्या पोराला तिनंही भरवलं होतं, त्याच्या पँटी उसवून लांब केल्या होत्या. पण थोरली म्हणायची, तुझ्या नवऱ्यानं मारलं त्याला. आणि हे एकदा ऐकून घेतलं असतं तर मग सगळंच ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून ती भांडत राहिली.

अशी वर्षं गेली. नंतर बंदराचं तोंड खोल करायचं काम निघालं, तेव्हा पाणबुड्यांना गाळात ती बोट सापडली. बोट वर काढण्यासारखी नव्हती. घंटा काढली. गावात एकच चर्चा झाली. बंदराच्या जुन्या गोदामात संग्रहालय करायचं चाललंच होतं, त्यात मधोमध ही घंटा टांगायची असं ठरलं. पडदेवालीला हे ऐकून इतकं बरं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. तिच्या मनात असं आलं की घंटा एकदा टांगली, कुणीतरी वाजवली, की लोकांना कळेल तिचा आवाज केवढासा आहे, आणि धुक्यात तो कुठवर जाणार होता. नवऱ्याला तिनं हे सांगितलं. तो म्हणाला, बघू. त्या रात्री तो जेवला नाही, पण वखारीतून आल्यावर तो पुष्कळदा जेवत नसे.

संग्रहालयाच्या चिटणीसांनी तिलाच बोलावणं पाठवलं. उद्घाटनाच्या समारंभासाठी घंटेसमोर मखमली पडदा हवा होता, दोरी ओढली की बाजूला होणारा. काम तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं. चिटणीस जरा अवघडून बोलले, तुम्हाला चालेल ना, म्हणाले. ती म्हणाली, न चालायला काय झालं, आम्ही काय लपवून ठेवलंय?

टेप आणि खडू घेऊन ती गोदामात गेली. मागच्या बाजूला घंटा साफ करायचं काम चाललं होतं. रबरी एप्रन घातलेली एक मुलगी, बाहेरगावाहून खास आलेली, लाकडी पट्टीनं घंटेवरचा शिंपल्यांचा थर हळूहळू सोडवत होती. घंटा आडवी ठेवलेली होती. पडदेवालीनं उंची घेतली, घेर घेतला. मग सहज, इतकी वर्षं जिच्या नावानं बोलणी खाल्ली तिला आतूनही बघावं म्हणून, वाकून बघितलं.

आतल्या लोलकावर तार गुंडाळलेली होती. टोकाच्या गोळ्याभोवती तांब्याची जाड तार, वेढ्याला वेढा लावून, नीट, घट्ट, आणि शेवटी टोक पिळून आत दाबलेलं.

ती मुलगी कौतुकानं म्हणाली, बघितलंत? खाली कापड असणार, ते कुजून गेलं. आवाज येऊ नये म्हणून कुणीतरी बांधलेलं दिसतंय. चिटणीस म्हणतात काढून टाका, बरं दिसत नाही.

पडदेवाली बराच वेळ वाकलेलीच राहिली. टोक पिळून आत दाबायची ती रीत तिला ओळखीची होती. तिच्या मशीनच्या पेटीची कडी तुटली तेव्हा नवऱ्यानं ती अशीच बांधून दिली होती, हाताला लागू नये म्हणून टोक आत दाबून. ती सरळ झाली तेव्हा मुलीनं विचारलं, पाठ दुखते का? ती म्हणाली, वय झालं. मखमल किती लागेल ते चिटणीसांना सांगून ती घरी आली. सांगितलेला आकडा चुकला होता, ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

नवरा वखारीतून आला तेव्हा ती दिवा न लावता बसली होती. तो बूट काढायला लागला.

"लोलकाला तार आहे," ती म्हणाली.

एक बूट काढून तो थांबला. दुसरा त्यानं काढला नाही. मग त्यानं सांगितलं, आणि वीस वर्षांत बोलला नव्हता इतकं सलग सांगितलं. पहिल्या वर्गात एक बडी असामी होती. बोटीच्या मालकांच्या ओळखीतली. घंटेनं त्या माणसाचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पहाटे त्यानं कॅप्टनला उठवून नाही नाही ते ऐकवलं. कॅप्टन पुढे आला आणि म्हणाला, हिचा आवाज बंद कर, दिवस उजाडलाय, धुकं आता उतरेलच. यानं विचारलं, साहेब, नियम? कॅप्टन म्हणाला, नियम मला शिकवू नकोस.

"मग तार आणायला मी खाली गेलो," तो म्हणाला. "त्यानंच दिली."

"कुणी?"

"आपल्या पोरानं. म्हणाला, काका, तार कशाला? मी म्हटलं, वरच्या साहेबाला झोपायचंय. हसला. म्हणाला, आमच्यासाठी कुणी बॉयलर नाही बांधून ठेवत."

पडदेवालीनं विचारलं, मग चौकशीत हे का नाही सांगितलं. तो म्हणाला, होडीत बसवून किनाऱ्यावर आणत होते तेव्हा कॅप्टन शेजारी होता. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, तू घंटा वाजवत होतास, बरोबर ना? मी हो म्हटलं. ते हो एकदा तोंडातून गेलं. मला वाटलं, तोही हेच सांगणार, दोघंही वाचू. त्यानं तिथे जाऊन सगळं माझ्यावर सोडलं. मग बदलायचं तर म्हणायचं काय? कुणाच्या का हुकमानं असेना, बांधली माझ्याच हातांनी ना?

"त्यांना नाही सांगितलं ते नाही सांगितलं. मला का नाही?"

तो म्हणाला, "तू विश्वास ठेवलास. तेवढंच एक राहिलं होतं."

हे ऐकून तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला आठवत राहिल्या त्या भलत्याच गोष्टी. दुकानात ओरडलेली ती. मास्तरांच्या टेबलावर आपटलेला हात. जिन्यावर एकदा ती थोरलीला म्हणाली होती की तुमचा मुलगा आळशी होता, पळता आलं असतं त्याला. हे ती म्हणाली होती. या माणसासाठी म्हणाली होती, आणि हा माणूस तेव्हा आत बसून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी ती कॅप्टनकडे गेली. तो टेकडीवरच्या घरात मुलीपाशी राहत होता, ऐंशीच्या पुढे गेलेला, पण ताठ. गच्चीत कुंड्यांची माती उकरत बसला होता. त्यानं तिला ओळखलं, खुर्ची द्यायला लावली, चहा मागवला. तिला वाटलं होतं तो नाकबूल करेल, आणि त्यासाठी ती वाटभर वाक्यं जुळवत आली होती. त्यानं ती फुकट घालवली.

"हो, मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "आवाज जरा कमी कर, असं सांगितलं होतं. बांध म्हटलं नव्हतं. तो घंटेजवळ उभा होता, बाई, मी नव्हतो. धुकं उतरत नाही हे त्याला दिसत होतं. वाजवायची होती त्यानं."

ती म्हणाली, हे तुम्ही समारंभात सांगा. त्यानं हातातली खुरपी खाली ठेवली. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट एखाद्या आजारी माणसाची समजूत काढावी तसा तो बोलत होता. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे? तारेबद्दल मी चिटणीसांशी बोललोय, ती काढून टाकतील. घंटा शेवटपर्यंत वाजत होती, असंच पाटीवर येईल. तुमच्या नवऱ्यालाही ते बरंच नाही का? तोही हेच सांगत आलाय.

"माझा पुतण्या होता खाली," ती म्हणाली.

"कोण पुतण्या?" कॅप्टननं विचारलं. मग लगेच मान हलवून म्हणाला, पुष्कळ जण गेले त्या दिवशी, वाईट झालं. चहा येईपर्यंत ती थांबली नाही.

उतरताना तिच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. कमी कर म्हटलं की बंद कर म्हटलं, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. दोघांनीही आपापलं वाक्य इतकी वर्षं सांभाळलं होतं की ते त्यांना खरंच वाटत असणार.

घरी आल्यावर ती खालच्या दारात न शिरता जिना चढून गेली. कित्येक वर्षांत चढली नव्हती. थोरली तांदूळ निवडत खिडकीशी बसली होती. हिला बघून तिनं ताट बाजूला ठेवलं आणि भांडायच्या तयारीनं कंबर सरळ केली.

"ताई," पडदेवाली म्हणाली, "घंटा बांधलेली होती. ह्यांनीच बांधली होती. मला काल कळलं."

 थोरलीची कंबर पुन्हा वाकली.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

वर आलेला जो एकटा कोळसेवाला होता, त्यानं चौकशीच्या आधीच येऊन तिला सांगितलं होतं. हवा खायला डेकवर गेला तेव्हा त्यानं टेहळ्याला घंटेशी कापड आणि तार घेऊन बघितलं होतं. माझं नाव घेऊ नका म्हणाला, मला पुन्हा बोटीवर जायचंय. थोरलीला चौकशीत जाऊन नाव न घेताही सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही.

"का?" पडदेवालीनं विचारलं.

"तुरुंगात गेला असता तो. तुझा पोरगा लहान होता. माझा तर गेलाच होता." थोरली तांदळाकडे बघत बोलत होती. "तेवढं केलं मी. मग त्याहून जास्त काही होईना माझ्यानं. तू खाली सुखानं मशीन चालवायचीस, ते ऐकू यायचं. म्हणून भांडायची."

पडदेवालीला तिचे हात धरावेसे वाटले. तार कुणी दिली ते सांगावंसंही वाटलं, म्हणजे सांगून मोकळं व्हावंसं वाटलं, पण तेवढी अक्कल तिला राहिली होती. तिनं ते गिळलं. ती म्हणाली, ताई, मी तुम्हाला काय काय बोलले.

"बोललीस," थोरली म्हणाली. "भांडत होतीस तोवर बरं होतं. तुला माहीत नव्हतं, म्हणून मला बोलता यायचं. आता तू खालून काय बोलणार आणि मी काय ऐकणार? जा आता."

त्यानंतर जिन्यावर पाणी सांडलं नाही. थोरली अर्धीच बादली न्यायला लागली, दोन खेपा करून. गल्लीतल्या बायकांनी आपसात ठरवून टाकलं की घंटा सापडली आणि दोघींचं मन निवळलं. तसं त्यांनी पडदेवालीला बोलूनही दाखवलं.

समारंभाच्या आधीच त्याची बातमी छापून आली. शेवटपर्यंत वाजत राहिलेली घंटा, असा मथळा. आत कॅप्टनचा फोटो, आणि खाली एका ओळीत, घंटा वाजवणारे टेहळे आजही याच गावात आहेत. ही एक ओळ कुणी घातली कोण जाणे. पण तिनं आठवड्याभरात सगळं उलटंपालटं केलं. वखारीचा मालक नवऱ्याला खुर्चीवर बसा म्हणाला. ज्या दुकानात पडदेवाली सगळ्यात जास्त भांडली होती तिथल्या बाईनं रस्त्यात थांबवून सांगितलं, आम्हाला तर आधीपासून वाटतच होतं. चिटणीस घरी येऊन सांगून गेले, की घंटेचा पहिला टोला तुम्हीच द्यायचा. नवरा बायकोकडे बघायला लागला. ती मशीनवर मान घालून बसली होती. तो चिटणीसांना म्हणाला, येईन.

ते गेल्यावर ती त्याला म्हणाली, नका जाऊ. तो म्हणाला, मी मागायला गेलो होतो का? वीस वर्षं त्यांनी मला मुका म्हटलं, आता त्यांनीच वाजव म्हटलं तरी नको म्हणू? त्याच्या बोलण्यात तिनं फार वर्षांत न ऐकलेली धार होती.

आणि मग मुलाचा फोन आला. त्यानं बातमी वाचली होती. तो बराच वेळ बोलला. म्हणाला, आई, तू एवढं सांगत होतीस आणि मी पळून गेलो. बाबांना काय तोंड दाखवू? तो येणार होता, बायकोला आणि मुलीला घेऊन. पडदेवालीच्या हातात फोन होता आणि सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायचं होतं. ती म्हणाली, लवकर निघा, गाडीत गर्दी असते.

समारंभाच्या दिवशी तिनं शिवलेला पडदा एका ओढीत बाजूला झाला, कुठेही न अडकता. घंटा आरशासारखी चकचकत होती. लोलक स्वच्छ, मोकळा. कॅप्टननं नवऱ्याचा हात सगळ्यांसमोर हातात घेतला आणि दोघांपैकी कुणाचीही नजर हलली नाही. मग नवऱ्यानं दोरी धरून टोला दिला. आवाज मोठा होता. पडदेवालीला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट मोठा. गोदामाच्या पत्र्यापर्यंत गेला, दारातून बंदरावर गेला, आणि पलीकडच्या धक्क्यावर काम करणाऱ्या माणसांनी माना वर केल्या. गर्दीत लोक डोळे पुसत होते. नवरा रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मुलगा पुढे होऊन त्याच्या गळ्यात पडला. छोटी नात म्हणत होती, आजोबा, पुन्हा एकदा.

थोरली आली नव्हती. ते लोक घरी परतले तेव्हा ती जिन्याखाली ट्रंकेवर बसून गाडीची वाट बघत होती. तिच्या माहेरी एक विधवा भाची होती, तिच्याकडे चालली होती. मुलगा लहानपणीसारखा काकू म्हणत जवळ गेला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बापासारखा दिसतोस म्हणाली, आणि नातीच्या हातात खाऊ दिला. टेहळ्या तिच्या समोरून गेला तेव्हा तिनं ट्रंकेचं कुलूप तपासलं. गाडी आल्यावर पडदेवालीनं ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी थोरलीनं धरली. दोघींनी मिळून ट्रंक आत ठेवली.

पुढे सगळं चांगलंच झालं. निदान गावात तसं म्हणतात. मुलानं गावातच काम मिळवलं, बंदरावर नवीन इमारती उठत होत्या, त्यांना लिफ्ट होत्या. वरच्या खोल्या मोकळ्याच होत्या, तो तिथे बिऱ्हाड घेऊन आला. नवरा रोज सकाळी संग्रहालयात जायला लागला. बघायला आलेल्यांना सांगायचा, धुकं कसं होतं, हात कसे बधिर झाले होते, तरी मी कसा थांबलो नाही. सांगता सांगता गोष्ट वाढत गेली. एकदा तर तो घरी जेवताना सुनेला सांगू लागला, की खालून पुतण्याही ओरडून म्हणत होता, काका, वाजवत राहा. पडदेवालीनं त्याच्याकडे बघितलं. तो थांबला नाही. तिला कळलं की त्याला आता तसंच आठवतंय.

तिनं त्याला वाढलं. आमटी पुढे केली.

मग सुनेनं एक दिवस वरच्या खिडकीला पडदे हवेत म्हणून सांगितलं, सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं म्हणाली. पडदेवाली टेप घेऊन वर गेली. सून म्हणाली, आधीच्या काकूंचे जुने पडदे असतील ना, त्यांच्यावरूनच शिवा. पडदेवाली म्हणाली, त्यांच्या खिडकीला पडदे नव्हते. सबंध गावाच्या खिडक्या तिनं मापल्या होत्या आणि डोक्यावरच्या या खिडकीला तिनं कधी टेप लावला नव्हता, थोरलीनं कधी मागितलं नव्हतं. तिनं उंची घेतली, रुंदी घेतली. उन्हात डोळे बारीक करून तिनं दोन्ही आकडे पुन्हा एकदा बघून घेतले आणि खाली आली.